साठ टक्क्यांचा भरवसा

वणीच्या माणसाकडे हृदय जोखण्याचे जुने माप आहे, सप्तशृंगगडाच्या सुमारे पाचशे पायऱ्या. ‘मागच्या चैत्रात एका दमात चढलो, यंदा तीनदा बसलो’ हे इथे सहज बोलले जाते. आता त्या मापाच्या जागी टू-डी इकोचा रिपोर्ट आला आहे. मी डॉक्टर नाही, वैद्यकाची पुस्तके स्वतःच वाचत आलो. तरी ओळखीचे लोक रिपोर्ट दाखवायला आणतात. बोट बहुधा एकाच ओळीवर असते: इजेक्शन फ्रॅक्शन, 60 टक्के. म्हणजे पास!

झडपेचा आजार असेल, तर हाच आकडा चकवतो.

हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरतो, त्यातले किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडते, एवढेच हा आकडा सांगतो. निरोगी हृदयही पुरते रिकामे होत नाही. पण रक्त कुठे गेले, हे त्यात येत नाही. समजा, कप्प्यात 150 मिलिलिटर रक्त आहे आणि 90 बाहेर पडले. झाले 60 टक्के. मात्र मायट्रल झडप गळकी असल्याने त्यातले 40 उलटे वरच्या कप्प्यात गेले. शरीराला मिळाले 50, म्हणजे भरलेल्याच्या एक तृतीयांश. द्राक्षबागेची मोटर जोरात चालावी आणि पाइप वाटेतच फुटलेला असावा, तसे हे.

शिवाय मागची वाट कमी दाबाची. तिकडे रक्त ढकलायला जोर लागत नाही, म्हणून थकलेला कप्पाही धडधाकट दिसतो. झडप दुरुस्त केली की ती पळवाट बंद होते आणि खरी ताकद उघडी पडते. म्हणूनच तीव्र गळतीत, रुग्णाची काही तक्रार नसली तरी, आकडा 60 किंवा त्याखाली आला, अथवा आकुंचनानंतर कप्प्याचा व्यास 40 मिलिमीटर झाला, की शस्त्रक्रियेचा विचार करतात. इतरांचा ‘पास’ तो इथे धोक्याची रेघ.

ऱ्हुमॅटिक तापाने अरुंद झालेल्या मायट्रल झडपेत गोष्ट वेगळी. तिथे खालचा कप्पा बहुधा ठणठणीत असतो. रक्त त्याच्या आधीच अडते, फुप्फुसांत तुंबते. माणूस धापा टाकतो आणि रिपोर्टात 60 टक्केच. तिथे पाहायचे ते झडपेचे तोंड: निरोगी 4 ते 6 चौरस सेंटिमीटर, दीड किंवा कमी म्हणजे आजार तीव्र.

गंमत अशी, की इको जन्मला तो या झडपेपायीच. शस्त्रक्रियेआधी तिची अवस्था कळावी म्हणून स्वीडनमधल्या लुंडचे डॉक्टर इंगे एडलर धडपडत होते. 1953 मध्ये त्यांनी आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधणारे यंत्र रुग्णाच्या छातीवर लावले.

तरीही पायऱ्यांचे माप मी मोडीत काढत नाही. मात्र 2018 पासून गडावर ट्रॉली आहे. ‘दम लागत नाही’ म्हणणाऱ्या बाईने चढणेच सोडलेले असते. पाण्याची कळशी सुनेकडे गेलेली असते. तेव्हा ‘दम लागतो का?’ याबरोबर ‘वर्षभरात काय करायचे सोडले?’ हेही विचारावे. तक्रार नाही म्हणणाऱ्या काही झडपरुग्णांना डॉक्टर ट्रेडमिलवर चालवून पाहतात, ते याचसाठी.