पाहणाऱ्यांचा अभ्यास

एखाद्या ठिकाणी कोण येते, त्यांना कोण आणते आणि त्यावर कोणाचे पोट चालते, हा पर्यटनाच्या समाजशास्त्राचा विषय. पुण्याजवळ काळेवाडीतून पवना नदीच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या काठावर चिंचवड आहे. या विषयाची दोनशे वर्षांची सामग्री तिथे सापडते.

चिंचवडचे गणेशभक्त संत मोरया गोसावी यांच्या वंशातल्या ‘देव’ म्हणवणाऱ्या पुरुषांना लोक गणपतीचा अंश मानत. हा ‘चालताबोलता देव’ बघायला गोरे साहेबही येत. कंपनीच्या फौजेतल्या एडवर्ड मूरने १८०१ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये त्यावर लेख लिहिला. १८०९ मध्ये इंग्रज प्रवासवर्णनकार मारिया ग्रॅहम आली. तिच्या मनात ना तो प्रशस्त वाडा भरला, ना देव. भक्त दर्शनाला येत आणि साहेब गंमत बघायला, पण दोघे उभे राहत एकाच वाड्यात.

पुढे लॉरेन्स प्रेस्टन यांनी सनदा आणि इनाम गावांच्या कागदांतून या घराण्याचा राज्यसत्तेशी असलेला व्यवहार उलगडला. त्यांचे ‘द देव्ज ऑफ चिंचवड’ १९८९ मध्ये केंब्रिजने छापले. वारशाला पैसा कुठून येतो, हे त्यात जितके स्पष्ट दिसते तितके आजच्या वारसा-पुस्तिकांत क्वचितच दिसते.

दुसरी परंपरा चालणाऱ्यांची. डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या इरावती कर्वे ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पंढरपूरला गेल्या. एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी, हे त्यांना खुपले आणि त्यांनी ते लिहिले. त्या लेखाचे इंग्रजी रूप १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आले. यात्रेत माणसे बरोबरीची होतात, या मताचे मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनीही वारीविषयी लिहिताना त्याचा आधार घेतला. पंगतीचा हा तपशील मात्र त्यांच्या सिद्धांताला चांगलाच अडतो.

अ‍ॅन फेल्डहाउस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’मध्ये (२००३) अष्टविनायकांचाही विचार केला आहे. त्यांतली मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक ही तीन ठिकाणे चिंचवड देवस्थानाकडे आहेत. रूढीप्रमाणे यात्रा मोरगावी सुरू होऊन मोरगावीच संपते. सहलीच्या बसचा क्रम मात्र रस्ता आणि मुक्काम बघून ठरतो, आणि यात्रेकरूंना त्यात सहसा काही वावगे वाटत नाही. १९७९ च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटाने ही नावे घरोघरी पोहोचवली. भक्ती कुठे संपते आणि सहल कुठे सुरू होते, हे इथे बसचालकालाही सांगता येणार नाही.

या अभ्यासात शिरायची वाट नेहमीचीच: समाजशास्त्रात एम.ए., नेट किंवा सेट, पीएच.डी. ‘पर्यटन’ म्हटले की हॉटेल-व्यवस्थापनच डोळ्यांपुढे येते, त्यामुळे बहुतेकांना वर्गात सामान्य समाजशास्त्र शिकवून हा विषय बाजूने चालवावा लागतो. संशोधनासाठी हारवाले, पुजारी, गाडीवाले आणि विश्वस्त यांच्याशी वर्षानुवर्षे बोलावे लागते. शिवाय मोडी लिपी यावी लागते. ती नसेल तर देवस्थानांची जुनी दप्तरे बंदच राहतात.