बोर्ड ‘डेड’ आहे म्हणण्याआधी : सर्व्हर मदरबोर्ड बसवताना झालेल्या चुका

मागच्या भागात मी सर्व्हर मदरबोर्डचा किस्सा सांगितला, तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं की, ‘दादा, गाडी चालवताना ऐकलं, नोंदी काही घेता आल्या नाहीत. लिहून टाक ना.’ म्हणून हा भाग थोडा नीटनेटका करून इथं देतोय. बोलण्याची सवय आहे, त्यामुळे मध्येमध्ये घसरेन, सांभाळून घ्या.

आधी किस्सा. आमच्या गावात एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी चाळीसेक मुलं तिथं बसतात. सगळे मोबाइलवर लेक्चर बघतात आणि दुपारी दोनपर्यंत दिवसाचा डेटा संपतो. ठरलं असं की, एक जुना सर्व्हर आणायचा, सगळे व्हिडिओ आणि प्रश्नपत्रिका त्यावर टाकायच्या आणि वायफायवरून सगळ्यांनी बघायच्या. इंटरनेटची गरजच नाही. बावीस हजार रुपये वर्गणी जमली. काही मुलांनी शंभर-शंभर रुपये दिले होते, आणि त्या शंभरची किंमत मला माहीत आहे. गावात ‘कॉम्प्युटरवाला’ मीच. त्यामुळे काम माझ्याकडं आलं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेला दोन सॉकेटचा बोर्ड घेतला. सोबत इंटेलचे दोन झीऑन ई५-२६०० व्ही४ प्रोसेसर, म्हणजे २०१६ साली आलेली पिढी, आणि डीडीआर४ रॅमच्या १६ जीबीच्या आठ स्टिक. दुकानदारानं सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी दिली. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाऊन बसवला, बटण दाबलं. पंखे एक सेकंद फिरले आणि बंद. परत दाबलं, परत तेच.

मी काय केलं? दुकानदाराला फोन लावला आणि नको ते बोललो. ‘मेलेला बोर्ड गळ्यात मारलात’ वगैरे. तो बिचारा एवढंच म्हणाला, ‘साहेब, एकदा कॅबिनेटच्या बाहेर काढून बघा.’ मी फोन ठेवून दिला.

पहिली चूक : खाली काय आहे ते बघितलंच नाही

नेहमीचा एटीएक्स बोर्ड साधारण १२ इंच बाय ९.६ इंचाचा असतो. दोन सॉकेटचे बरेच सर्व्हर बोर्ड ईईबी मापाचे, म्हणजे १२ बाय १३ इंचाचे. त्यांची स्क्रूची भोकं सगळीच एका जागी येत नाहीत. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली छोटे पितळी स्टँडऑफ लावतात. मी कॅबिनेट जुनंच वापरलं, आणि त्यात आधीच्या बोर्डचा एक स्टँडऑफ तसाच राहिला होता. वर भोक नाही, पण खाली पितळ आहे. ते थेट बोर्डच्या पाठीमागच्या सोल्डरला टेकत होतं. बटण दाबलं की शॉर्ट, आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होणार. नशीब चांगलं म्हणून बोर्ड जळला नाही.

म्हणून नियम एक : बोर्ड आधी कॅबिनेटच्या बाहेर चालवून बघायचा. टेबलावर पुठ्ठ्याचा खोका ठेवा, त्यावर बोर्ड. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीतून येतो तिच्यावर ठेवू नका. त्यातल्या काही पिशव्यांच्या बाहेरच्या थरातून वीज जाऊ शकते. आत बसवताना भोकं मोजा, स्टँडऑफ मोजा. आकडा जुळलाच पाहिजे, आणि प्रत्येक भोकाखाली एकच.

दुसरी चूक : थांबलोच नाही

दुसऱ्या दिवशी बोर्ड बाहेर काढला. आता पंखे चालू राहिले, पण स्क्रीन काळीच. तीस सेकंद थांबलो, बंद केला. परत चालू, परत तीस सेकंद, परत बंद. असं सहा-सात वेळा केलं असेल. शेवटी आईनं चहाला हाक मारली, मी तसाच उठलो. चहा पिऊन आलो तर समोर बायोसची स्क्रीन!

आपल्या लॅपटॉपची सवय झालेली असते, त्यामुळे हे लक्षात येत नाही. सर्व्हर बोर्ड दोन टप्प्यांत उठतो. वायर लावली की आधी बीएमसी जागा होतो. बीएमसी म्हणजे बोर्डवरच बसलेला एक छोटा स्वतंत्र कॉम्प्युटर. मुख्य मशीन बंद असलं तरी तो चालू असतो. तापमान, व्होल्टेज, पंख्यांचा वेग, सगळ्यावर त्याचं लक्ष असतं. त्याला उठायलाच मिनिट-दोन मिनिटं लागतात. बऱ्याच बोर्डांवर त्याचा छोटा हिरवा दिवा लुकलुकतो. तो लुकलुकायला लागल्यावरच बटण दाबा.

मग बटण दाबल्यावर मशीन रॅमशी जुळवून घेतं. कोणत्या स्लॉटमध्ये किती रॅम, कोणत्या वेगानं चालेल, हे ते तपासत बसतं. पहिल्यांदा चालू करताना किंवा रॅम बदलल्यावर याला बरेच मिनिट लागू शकतात. मी दर वेळी मधेच बंद करून त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावत होतो.

आता घड्याळ लावतो. पाच मिनिटं झाल्याशिवाय काळ्या स्क्रीनला नाव ठेवायचं नाही.

आणि हो, मॉनिटरची वायर बोर्डवरच्या व्हीजीए पोर्टलाच लावा. ते चित्र बीएमसीच्या चिपमधून येतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड पहिल्या चाचणीत मुळीच नको.

मग खरं ट्रबलशूटिंग म्हणजे काय?

काढून टाकणं. बस. चालत नाही म्हणून आपण आणखी काहीतरी लावून बघतो. दुसरी केबल, दुसरं कार्ड, दुसरी डिस्क. करायचं उलट. इतकं कमी करा की, बिघडायला काही उरतच नाही.

किमान काय लागतं ते लिहून घ्या :

१. पहिल्या सॉकेटमध्ये एकच प्रोसेसर आणि त्यावर कूलर. दुसऱ्याच सॉकेटमध्ये एकटा प्रोसेसर लावून हे बोर्ड सुरू होत नाहीत.

२. रॅमची एकच स्टिक. कोणत्या स्लॉटमध्ये ते मॅन्युअलच्या तक्त्यात बघा, अंदाजानं नको. रजिस्टर्ड रॅम आणि डेस्कटॉपची साधी रॅम डीडीआर४ मध्ये एकाच खाचेत बसते, पण दोन्ही मिसळून चालत नाहीत.

३. २४ पिनांची मोठी वायर आणि प्रोसेसरच्या ८ पिनांच्या वायरी. दोन सॉकेटच्या बोर्डवर सहसा अशा दोन असतात. दोन्ही लावा.

४. बाकी काही नाही. डिस्क नाही, कार्ड नाही, पुढचे यूएसबी नाहीत.

एवढ्यावर उठला, तर एकेक गोष्ट परत लावत जा. एका वेळी एकच. जी लावल्यावर बिघडलं, तिथं उत्तर आहे. एवढ्यावरही नाही उठला, तर मुख्य वायर काढून बायोसच्या सेटिंग पुसा. काही बोर्डांवर त्यासाठी जंपर असतो, काहींवर दोन छोटे धातूचे ठिपके असतात, ते स्क्रूड्रायव्हरनं क्षणभर जोडायचे. बोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बघा. जुन्या बोर्डात तो बऱ्याचदा संपलेला असतो.

आणखी एक सापळा. २०१४ च्या व्ही३ पिढीसाठी बनलेल्या बोर्डमध्ये व्ही४ प्रोसेसर बसतो, पण बायोस जुनी असेल तर मशीन उठत नाही. घेतानाच दुकानदाराला बायोसची आवृत्ती विचारा.

तिसरी चूक : माझा अंगठा

बायोस दिसली म्हणून मी नाचलो. मग आकडा बघितला. आठ स्टिक म्हणजे १२८ जीबी हवी, दिसतेय ११२. एक स्टिक गायब. परत मनात तेच आलं : दुकानदारानं खराब रॅम दिली.

पण या वेळी फोन नाही उचलला. जी स्टिक दिसत नव्हती ती शेजारच्या स्लॉटमधल्या स्टिकशी बदलली. अडचण स्लॉटपाशीच राहिली. म्हणजे रॅम निर्दोष. मग दोन्ही प्रोसेसर आपापसात बदलले. आता अडचण उडी मारून दुसऱ्या बाजूच्या त्याच क्रमांकाच्या स्लॉटवर गेली. म्हणजे बोर्डचं सॉकेटही निर्दोष. दोष प्रोसेसरसोबत फिरतोय.

यामागचं कारण सोपं आहे. या पिढीत रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. प्रत्येक प्रोसेसरला रॅमची चार चॅनल. खालच्या एखाद्या सोनेरी ठिपक्याचा संपर्क तुटला की एक चॅनल जातं. प्रोसेसर उलटा केला, मोबाइलचा टॉर्च मारला. एका कोपऱ्यात थर्मल पेस्टचा करडा ठसा. माझ्याच अंगठ्याचा! आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड घेऊन पुसला, वाळू दिला, बसवला. १२८.

हे सॉकेट उघडताना फार जपा. पिना बोर्डवर असतात, केसासारख्या. बोट लागलं तरी वाकतात. प्रोसेसर सरळ वरून ठेवायचा, सरकवायचा नाही. कूलरचे स्क्रू तिरके, समोरासमोर, थोडे-थोडे आवळायचे. एकच बाजू आवळली तर दाब वाकडा पडतो आणि तेवढ्यानंही एखादी स्टिक गायब होऊ शकते.

चालू झाल्यावर

दोन गोष्टी विसरू नका. एक, साधा शांत पंखा लावला आणि तो अचानक किंचाळायला लागला, परत शांत, परत किंचाळतो, तर पंखा खराब नाही. बीएमसीला सर्व्हरच्या वेगवान पंख्यांची सवय असते. हळू फिरणारा पंखा त्याला मेलेला वाटतो, म्हणून तो सगळ्यांना पूर्ण वेगानं पळवतो. वेगाची खालची मर्यादा कमी केली की थांबतं.

दुसरं, बीएमसीला स्वतःचा नेटवर्क पत्ता असतो आणि ब्राउझरमधून तो उघडता येतो. काय बिघडलं याची वेळेसकट नोंद तिथं मिळते. पण जुन्या बोर्डांवर कंपनीचा ठरलेला पासवर्ड असतो आणि तो जगाला माहीत असतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून कायदा आला, तेव्हापासून बऱ्याच कंपन्या प्रत्येक बोर्डला वेगळा पासवर्ड द्यायला लागल्या. जुना घेतला असेल तर पहिल्याच दिवशी बदला, आणि हे पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका.

पाडव्याला सर्व्हर अभ्यासिकेत लागला. त्याच संध्याकाळी दुकानदाराला फोन केला. सांगितलं, बोर्ड चांगला होता, रॅमही चांगली होती, चुका तिन्ही माझ्या. माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, ‘साहेब, परत येणाऱ्या दहातले बरेच बोर्ड चांगलेच असतात. आम्ही वाद घालत नाही, बदलून देतो.’ मला ते जास्त लागलं. तो चांगला बोर्ड मी परत केला असता, आणि पुढच्या बोर्डवरही तोच स्टँडऑफ खाली तसाच राहिला असता.

तर मंडळी, तुमच्याकडं एखादा ‘डेड’ बोर्ड पडलाय का? पुठ्ठ्यावर काढा, एक स्टिक ठेवा, घड्याळ लावा. काय झालं ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. पुढच्या भागात त्यातल्या काही आपण एकत्र सोडवू. भेटू!