नवसाचा हिशेब

घरात आजारपण आले, जनावर दगावले किंवा धंद्यात खोट आली की माणूस प्रथम कारण शोधतो. ते हाती लागले नाही, तर कोणीतरी तयार करून देतोच: गेल्या जन्मीचे पाप, राहून गेलेला नवस, घराण्याला लागलेला शाप. उत्तर सोपे असते, म्हणूनच ते पटते. त्याची किंमत मात्र पुढे चुकवावी लागते.

या किमतीचा जाहीर हिशेब महाराष्ट्रात संत गाडगेबाबांनी (1876–1956) मांडला. हाती खराटा घेऊन ते गावात येत, दिवसा रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांचे कीर्तन म्हणजे पुष्कळदा उलटतपासणीच असे. देवापुढे कापलेले बकरे खातो कोण, पंगतीचा पैसा आला कोठून, अशा आशयाचे प्रश्न ते वऱ्हाडी बोलीत विचारीत. उत्तरे श्रोतेच देत, आणि देता देता स्वतःच अडकत.

कर्जाविषयीची बाबांची चीड पुस्तकी नव्हती. वडील दारूपायी गेल्यावर ते मामाच्या घरी वाढले आणि मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली त्यांनी पाहिली. स्वतःच्या मुलीच्या बारशाला मद्यमांसाची पंगत घालण्याची रूढी मोडून त्यांनी गोड जेवण घातले. जातभाईंना ते रुचले नसेल, हे उघडच आहे.

नवस फेडण्यासाठी दहा हजार रुपये शेकडा दोन रुपये मासिक व्याजाने काढले, तर महिन्याला 200 आणि वर्षाला 2,400 रुपये केवळ व्याजाचे होतात. मुद्दल जागच्या जागी राहते. ज्या अडचणीसाठी नवस बोलला, ते औषधपाणी वा बियाणेही तसेच राहते.

मनाच्या दुःखाची गोष्ट अधिक नाजूक आहे. भजनाने शोकाकुल माणसाला आधार मिळतो. तो नाकारण्याचे कारण नाही. 1923 साली मुलगा गेल्याची वार्ता आली, तेव्हा बाबांनी चालू कीर्तन थांबवले नाही, असे सांगतात. परंतु आधार देणे निराळे आणि कारण सांगणे निराळे. मूल गमावलेल्या आईला ‘तुझेच काही चुकले असेल’ असे म्हटले, की दुःखावर अपराधाचे ओझे चढते आणि ती बोलेनाशी होते. झोप उडणे, अन्न न जाणे, जगणे नकोसे वाटणे ही आजाराची लक्षणे असू शकतात, हे मग कोणाच्या ध्यानी येत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा तर महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. मन मोकळे करण्यासाठी 2022 पासून केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक 14416.

बाबांकडे देणग्या पुष्कळ येत.  त्यांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गरीब यात्रेकरूंना पाठ टेकता यावी म्हणून धर्मशाळा बांधल्या.