उद्या पेपर नाही

पहाटेचे सव्वापाच. मी मामा चौकातून गाडी फूल बाजाराकडे वळवतो आणि फुलं दिसायच्या आधीच त्यांचा वास येतो. झेंडूचा हिरवट, उग्र वास, त्यात भिजलेल्या गोणपाटाची कुबट छटा. आज मंगळवार, २१ ऑक्टोबर २०२५. लक्ष्मीपूजन. जालन्यात निम्मं गाव अजून झोपलंय आणि इथं पाय ठेवायला जागा नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पिकअप लागलेत. फाळके खाली पाडलेले, वर बांबूला टांगलेले एलईडी दिवे. या दिव्यांखाली शटर वाढवलं की फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, दिवा शंभरदा मिणमिणतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. म्हणून शटर शंभरावर ठेवायचं आणि समोरचा माणूस क्षणभर स्थिर व्हायची वाट बघायची. झेंडूची आणखी एक अडचण आहे. केशरी रंग कॅमेऱ्यात फार लवकर जळतो. पाकळ्या जाऊन नुसता केशरी डाग उरतो. तो वाचवायला उजेड कमी घ्यावा, तर फुलांमागे बसलेल्या माणसाचा चेहरा काळा पडतो. पेपरच्या कागदावर शाई पसरते, तिथं तो आणखी काळवंडतो. फुलं वाचवायची की चेहरा, हे दर दिवाळीला पहाटे इथं उभं राहून ठरवावं लागतं. मी चेहरा वाचवतो.

"शंभराला किलो, शंभराला!" एक पोरगा घसा ताणून ओरडतोय. त्याच्या पलीकडे, दिव्याच्या उजेडाच्या अगदी काठावर, एक काका ओरडत नाहीत. पोत्यावर उकिडवे बसलेत, मफलर कानावरून घेतलेला, समोर मोजून चार क्रेट. एकेक फूल उचलून उलटं करून बघतायत आणि दोन ढीग लावतायत. एक मोठा, एक छोटा. मोठा ढीग विकायचा नाही, हे जवळ गेल्यावर कळतं.

मी गुडघ्यावर बसतो. ते वर न बघता विचारतात, "काय करू राहिले भाऊ? कोण्या चॅनलचे?"

काकांचं गाव अंबड तालुक्यातलं आहे. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, मराठा आरक्षणासाठी बसलेल्या मनोज जरांगेंच्या उपोषणाची जागा महाराष्ट्राला पाठ झाली, तेव्हापासून त्या भागातल्या माणसांनी कॅमेरे भरपूर पाहिलेत. कॅमेरा कुणाचा, हे आधी विचारायला ती शिकली आहेत, आणि तो त्यांचा हक्कच आहे.

"चॅनल नाही काका. पेपरसाठी."

"उद्या येईन का पेपरात?"

खरं ते सांगावं लागतं. "उद्या पेपर नाही. आज ऑफिसला सुट्टी."

वर्षातल्या मोजक्या दिवशी वृत्तपत्राचं कार्यालय बंद असतं, त्यात लक्ष्मीपूजन येतं. आज सुट्टी म्हणून उद्या अंक नाही. त्यामुळे वर्षातली सगळ्यात उजळ संध्याकाळ दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कधीच दिसत नाही. आजचा फोटो छापलाच तर २३ तारखेच्या अंकात, आणि तोवर पाडव्याचे फोटो येऊन त्याची जागा घेतात. पंधरा वर्षं झाली या कामाला. लक्ष्मीपूजनाचे माझे छापून आलेले फोटो एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. तरी दरवर्षी येतो. एवढ्या वर्षांत या बाजारातली जुनी तोंडं गेली, पोरांची माणसं झाली, आणि ते सगळं माझ्या हार्ड डिस्कमध्ये पहाटेच्या उजेडासकट आहे. हे काम दुसरं कुणी करत नाहीये.

"मंग काहून काढता?"

"परवाच्या अंकाला देईन."

"परवा फुलं शिळी होतीन," काका म्हणतात.

मी कॅमेरा डोळ्याला लावतो तसा ते हात आडवा धरतात. "माझा नका काढू भाऊ. फुलायचा काढा. लेकीच्या सासरच्यायनं पाहिलं तर म्हणतीन, इवाई दिवाळीच्या दिवशी रस्त्यावर बसला."

मी कॅमेरा खाली घेतो. नको म्हटलं की नको. लांबून, नकळत काढता येतो. माझ्याकडे तेवढी लेन्स आहे. पण ज्या गावात उद्या परत याच रस्त्यावरून जायचंय, तिथं असा फोटो काढायचा नसतो.

बसल्या बसल्या ते आपणहून सांगायला लागतात. झेंडू जूनमध्ये लावला तो दसरा-दिवाळीच्या हिशेबानं. सप्टेंबरात पाऊस थांबेचना. वावरात पाणी साचलं, मुळ्या सडल्या, उभी झाडं माना टाकून बसली. कपाशीची बोंडं काळी पडली. सोयाबीनला शेंगेतच मोड आले. सप्टेंबरअखेर जायकवाडीचं पाणी सुटलं तेव्हा मी शहागडच्या बाजूला होतो. गोदावरीनं काठ सोडलेले, माणसं भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर आलेली. ते फोटो पहिल्या पानावर लागले. ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, दिवाळीआधी मदत पोचवू म्हणून सांगितलं. "तुमच्या खात्यावर काही?" मी विचारतो. काका मान हलवतात. चार पोती खत उधार आणलेलं तेवढं डोक्यात आहे, म्हणतात.

मग एक फूल माझ्यासमोर धरतात. वरून भरगच्च, केशरी, देवाला वाहावं असं. अंगठ्यानं ते उलटं करतात. देठाकडच्या पाकळ्या काळ्या, चिकट, एकमेकींना बिलगलेल्या. अंगठा दाबला की तिथून पाणी येतं. नखाच्या कडेला तो काळा रस बसलाय, बोटांच्या भेगांत केशरी रंग मुरलाय.

"काका, हाताचा काढला तर चालेल का?"

ते स्वतःच्या हाताकडे बघतात. जरा विचार करतात. "हाताचा काढा. हात कोण ओळखतं."

साडेसहाला सूर्य वर येतो. दिव्यांचा पांढरा प्रकाश फिका पडतो आणि पूर्वेकडून जो उजेड येतो त्यात केशरी रंग जळत नाही, कातडीवरची रेघन्‌रेघ दिसते. चार फोटो काढतो. तिसऱ्यात अंगठा, काळा रस आणि पाकळ्या, सगळं नेमकं बसलंय. निघताना एक किलो फुलं घेतो. ते छोट्या ढिगातली निवडून देतात आणि दोन फुलं वर टाकतात.

दिवसभर मग बाजार. सिंधी बाजारात आकाशकंदील, साळीच्या लाह्या, बत्तासे, मातीची बोळकी, केरसुण्या. डेस्कवरून परवाच मेसेज आलेला आहे: बाजार फुलला, महिला खरेदी करताना, चेहरे आनंदी, आडवा फोटो. तोही काढतो. खोटा नाही तो. केरसुणीची काडी न्‌ काडी चाचपून घेणारी बाई खरंच खुशीत आहे, तिच्या कडेवरचं पोर लाह्यांच्या पुडीत हात घालतंय. माझं म्हणणं एवढंच की पुराचा फोटो आणि बाजाराचा फोटो एकाच जिल्ह्यातले आहेत, एका महिन्याच्या आतले आहेत, आणि ते एका पानावर शेजारी शेजारी यायला हवेत.

दुपारी माझ्या फोटोच्या दुकानात बसून उरलेलं काम उरकतो. पगार असा काही नसतो आमच्या कामात. छापून आलेल्या फोटोमागे थोडं मानधन, तेही एका दैनिकाकडून आठ-आठ महिन्यांनी आलेलं आहे. घर चालतं ते दिवाळी पुरवणीतल्या शुभेच्छा जाहिरातींच्या कमिशनवर, पासपोर्ट फोटोंवर आणि तुळशीचं लग्न लागलं की सुरू होणाऱ्या लग्नांवर. २०२३ मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली, तिची पहिली निवडणूक अजून व्हायचीय, त्यामुळे यंदा इच्छुक खूप. हात जोडलेले फोटो काढून माझे डोळे दुखतायत. त्या पैशातून पोरीचे कपडे आलेत, हेही खरं.

संध्याकाळी नव्या मोंढ्यात. 'जालना सोने का पालना' ही म्हण या पेठेवरूनच आली असणार असं इथं उभं राहिलं की वाटतं. बियाणं, धान्य, सळई, जे विकून हे गाव उभं राहिलं त्याच्या वह्यांची आज पूजा. गादीवर पांढरी चादर, लाल कापडात बांधलेली चोपडी, शेजारी कॉम्प्युटर, त्याच्याही पडद्याला कुंकवाचं बोट. मुहूर्त साधून शेठ पहिल्या पानावर स्वस्तिक काढतात, घरातली लहान मुलगी त्यांचा हात बघत बसते. मी त्या मुलीचा फोटो काढतो. शेठ पाकीट देतात, वर पेढा. बाहेर फटाक्यांचा धूर इतका की समोरची पाटी वाचता येत नाही.

घरून फोन. "पप्पा, मम्मी म्हणतीय पूजा थांबलीय."

"आलोच. एक राहिलंय."

साडेआठ. गाडी परत फूल बाजारात. शंभरचा पोरगा दुपारीच वीसवर आला असणार. आता तोही नाही. काकांची जागा रिकामी. पोतं नेलंय, मोठा ढीग तिथंच सोडलाय. रस्ताभर पायाखाली झेंडू, दोन गाई निवांत खातायत. दूरवर आवाज येतो, खर्र, खर्र.

महानगरपालिकेची एक ताई ढीग लोटत येतेय. जाकिटावरच्या पट्ट्या माझ्या गाडीच्या उजेडात चमकतात. नवी कोरी साडी जाकिटाखाली, केसांत आजचाच गजरा. हातात खराटा, आणि त्याच्या दांड्यावर, मूठ धरायच्या जागेच्या जरा वर, हळदीची आणि कुंकवाची बोटं ओढलेली. पूजा करून कामावर आलीय.

"ताई, एक फोटो काढू का?"

ती थांबते. खराटा टेकवते. "पेपरात येतो का?"

"उद्या पेपर नाही. पुढं आला तर आला, सांगता येत नाही."

"नाही आला तर नाही. माझ्या मोबाइलवर पाठवा. पोराला पुण्याला धाडते, त्याला सुट्टी नाही भेटली." मग मागं वळून बघते. "थांबा. हा ढीग मागं दिसंन."

आणि ती परत वाकून, चार-पाच हात मारून, मागचा सगळा झेंडू बाजूला लोटते. रस्ता स्वच्छ होतो. पदर सारखा करते, जाकीट खाली ओढते, खराटा उजव्या हातात सरळ उभा धरते.

"आता काढा."

वर तेच एलईडी दिवे आहेत. शटर शंभरावर आणतो, उजेड चेहऱ्यावर बांधतो. ती श्वास रोखून उभी राहते.