धायरीच्या पुढचा रस्ता: करोनाच्या साथीच्या काळातल्या एकदिवसीय सहलींविषयी काही गैरसमज

धायरी फाट्यावरून निघालं की नांदेड फाटा, किरकटवाडी फाटा, खडकवासल्याची चौपाटी, डोणजे आणि मग गोळेवाडीच्या नाक्यावरून सिंहगडाचा घाट. गडावर जायचं नसेल तर धरणाच्या कडेकडेनं पुढे पानशेत. पुणेकरांचा हा ठरलेला रविवार. मार्च २०२० पासून २०२१ चा पावसाळा संपत येईपर्यंत हा रस्ता कितीदा बंद झाला, कितीदा उघडला आणि कितीदा अर्धवट उघडा राहिला, याचा हिशोब लावणं अवघड आहे. त्या दिवसांत घरोघरी एक वाक्य ऐकू यायचं: ‘आपली गाडी, आपला डबा, संध्याकाळी घरी, यात कुणाला काय त्रास?’ जर्मनीत चाकांवरचं छोटं घर असलेले लोक, म्हणजे कॅम्परव्हॅनवाले, तेव्हा हेच विचारत होते. त्यांच्या गाडीत तर झोपायची जागा, शेगडी आणि बहुधा संडासही असतो. त्यामुळे त्यांचा दावा आपल्यापेक्षा भक्कम. हे वाक्य मूर्खपणाचं मुळीच नाही. त्याचा बराचसा भाग शास्त्राच्या कसोटीवर टिकतो, आणि म्हणूनच त्यातून निघालेले गैरसमजही चिवट ठरले. ‘माझी सहल सुरक्षित आहे का’ आणि ‘आपल्या सगळ्यांच्या सहली एकाच दिवशी सुरक्षित आहेत का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निर्बंध दुसऱ्या प्रश्नासाठी होते आणि आपण त्यांना पहिल्या प्रश्नाच्या तराजूत तोलत बसलो.

गाडीपासूनच सुरुवात करू. खाजगी गाडी म्हणजे सुरक्षित डबा, ही समजूत एकाच घरातल्या माणसांपुरती खरी आहे. जे एका छताखाली झोपतात, एकाच ताटलीतल्या पापडाला हात घालतात, त्यांना तासभर गाडीत एकत्र बसल्यानं नवा धोका फारसा निर्माण होत नाही. पण सहलीची गाडी अशी क्वचितच भरते. एक मित्र, एक मेहुणा, सोसायटीतलं शेजारचं जोडपं असं करत करत ती भरते. काचा बंद करून वातानुकूलन लावलेली गाडी ही माणसं बसतात त्या बंद जागांपैकी सर्वांत लहान जागांतली एक. तिथली हवा सगळे मिळून पुन्हा पुन्हा श्वासात घेतात. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी चालत्या मोटारीतल्या हवेच्या प्रवाहांचं संगणकीय प्रारूप मांडलं होतं. ते डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झालं. सगळ्या काचा बंद ठेवणं सर्वांत वाईट आणि सगळ्या उघडणं सर्वांत चांगलं, हे तर अपेक्षितच होतं. दोनच काचा उघडायच्या असतील, तर आपल्या शेजारची काच उघडण्यापेक्षा विरुद्ध बाजूची उघडलेली बरी, कारण मग वारा गाडीतून आडवा वाहत जातो, हा निष्कर्ष मात्र आपल्या सवयीला धक्का देणारा. महाराष्ट्र सरकारनं ऑगस्ट २०२० अखेरच्या आदेशात चारचाकीत चालक आणि तिघं अशी मर्यादा घातली, तेव्हा तिची भरपूर टिंगल झाली. सात आसनी गाडीत चारच का, असं लोक विचारायचे. आसनं सात असली तरी हवा एकच असते, एवढं साधं उत्तर कुणी नीट समजावून सांगितलं नाही, ही प्रशासनाची चूक खरी.

दुसरा दावा मोकळ्या हवेचा, आणि इथे सहलवाल्यांची बाजू जड आहे हे मान्य केलं पाहिजे. साथीच्या अगदी सुरुवातीला चीनमध्ये, हुबेई प्रांत वगळून, तीन किंवा अधिक लोकांना झालेल्या संसर्गाच्या ३१८ घटना तपासल्या गेल्या. त्या सगळ्या बंदिस्त जागांतल्या निघाल्या. उघड्यावर झालेली एकच घटना सापडली, तीही दोघांपुरती. आयर्लंडमध्ये मार्च २०२१ पर्यंतच्या २,३२,१६४ रुग्णांपैकी फक्त २६२ जणांचा संसर्ग उघड्यावरच्या ठिकाणांशी जोडता आला. म्हणजे साधारण हजारात एक. या आकड्यांनाही मर्यादा आहेत. संसर्ग नेमका कुठे झाला याचा माग बहुतेक रुग्णांच्या बाबतीत लागतच नाही, आणि चीनची पाहणी ऐन थंडीतली, जेव्हा माणसं घरातच असतात. तरी दिशा स्पष्ट आहे. सिंहगडाच्या कल्याण दरवाज्याशी वाऱ्यात उभं राहून करोना होईल ही भीती अनाठायी होती. रिकाम्या टेकडीवर एकट्यानं चालणाऱ्याला हटकणारा पोलीस रोगाला अडवत नव्हता, आदेशाची अंमलबजावणी करत होता.

पण सहल म्हणजे फक्त गडाचा माथा नव्हे. सिंहगडावर गाडी घाटातूनच न्यावी लागते. पावसाळ्यात त्यावर दरडी येतात, आणि रविवारी तर गाड्यांची रांग दरडीशिवायच थबकते. ज्यांच्याकडे गाडी नाही ते पायथ्याहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून वर जातात. वर वाहनतळ एक, स्वच्छतागृहं मोजकी, आणि सर आली की शेकडो माणसं भजी-पिठल्याच्या त्याच चार-दोन छपरांखाली शिरतात. मोकळ्या हवेची सहल पावसाच्या एका सरीत बंदिस्त होते. संशोधनातले ‘उघड्यावर’चे आकडे या छपराखाली लागू पडत नाहीत. डबा घरचा नेला तरी चहा टपरीवरच होतो. वाटेत डिझेल भरावं लागतं. पंक्चर काढायला तर कुणीतरी लागतंच.

परदेशात अशा सहलींना मोकळीक होती, आपल्याकडेच पोलिसी खाक्या चालला, हा गैरसमज सुशिक्षित वस्त्यांत फार आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. जर्मनीनं २ नोव्हेंबर २०२० पासून पर्यटनासाठीचा मुक्काम देशभर बंद केला. मग कॅम्परव्हॅनवाल्यांनी, आणि साध्या मोटारवाल्यांनीही, मुक्काम टाळून दिवसभराच्या फेऱ्या सुरू केल्या. नाताळ ते नववर्षाच्या सुटीत विंटरबर्ग आणि हार्त्स या बर्फाच्या ठिकाणी इतकी गर्दी लोटली की रस्ते अडवावे लागले. मागोमाग ५ जानेवारी २०२१ ला केंद्र आणि राज्यांच्या बैठकीत ठरलं की, जिथे सात दिवसांत लाखामागे २०० पेक्षा जास्त नवे रुग्ण सापडतील, तिथल्या लोकांनी सबळ कारणाशिवाय आपल्या गावापासून पंधरा किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. आणि दिवसाची सहल हे सबळ कारण धरलं जाणार नाही. हा नियम नेमका एकदिवसीय सहलींवरच बेतलेला होता. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या समुद्रकाठच्या राज्यानं तर बाहेरच्या राज्यांतून दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांनाही मज्जाव केला. एक फरक मात्र खरा. बव्हेरियाच्या उच्च प्रशासकीय न्यायालयानं २६ जानेवारीला तिथला पंधरा किलोमीटरचा नियम स्थगित केला, कारण वर्तुळाची कड नेमकी कुठे पडते हे सामान्य नागरिकाला आदेश वाचून कळत नव्हतं. नियम कडक असावा की सैल, यावर न्यायालयानं हा निकाल दिला नाही. नियम वाचून कळला पाहिजे, एवढंच सांगितलं. आपल्याकडच्या आदेशांना ही कसोटी लावली असती तर कित्येक नापास झाले असते.

उदाहरणार्थ ई-पास. पास मिळाला म्हणजे कुठेही जायची मुभा, असं एक टोक; आणि पास रद्द झाला म्हणजे पर्यटन सुरू, असं दुसरं. दोन्ही चुकीचं. ई-पास होता जिल्ह्याची हद्द ओलांडण्यासाठी, आणि तो आजारपण, मृत्यू, अडकून पडणं अशा कारणांसाठी मिळे. २ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रानं तो रद्द केला, आणि दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये परत आणला. धायरीहून सिंहगडाला जाताना जिल्हा बदलतच नाही, म्हणून त्या सहलीला ई-पास कधीच लागणार नव्हता. तरीही गड आणि धरणं बंद ठेवता येत होती, कारण ती बंद होती वेगळ्या अधिकारात: आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि जमावबंदीचं कलम १४४ यांखाली जिल्हाधिकाऱ्यांनी काढलेल्या आदेशांनी. जिल्ह्याच्या हद्दीवरच्या ज्या नाक्यावर पास मागतात तिथवर ही सहल पोचतच नाही, आणि ज्या नाक्यावर अडवतात तिथे पासाचा उपयोग नाही, हे गाडीत बसलेल्या माणसाला कसं कळावं?

‘सिंहगड आपल्याच हद्दीत, आपण कुठे परगावी चाललो’ ही समजूतही कागदावर खोटी होती. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली. तिच्या पुढची नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं आली ३० जून २०२१ ला. म्हणजे दोन्ही लाटांच्या ऐन भरात शहराची हद्द धायरीपाशीच संपत होती आणि पुढचा पट्टा हवेली तालुक्यातला, ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीतला होता. जून २०२१ मध्ये राज्यानं निर्बंधांचे पाच स्तर केले, तेव्हा पुणे महापालिका एक घटक आणि उरलेला ग्रामीण जिल्हा वेगळा घटक धरला गेला. शहराला मिळालेली सवलत फाट्यापलीकडे आपोआप लागू होत नव्हती.

विषाणूला हद्द कळत नाही, मग हा खेळ कशाला, असा आक्षेप यावर येतो. विषाणूला कळत नाही हे खरं, पण रुग्णवाहिकेला कळते. ग्रामीण भागात साधारण तीस हजार लोकसंख्येमागे आणि डोंगराळ भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. ती लोकसंख्या म्हणजे तिथे राहणारी माणसं. रविवारी येणारी त्यात मोजलेली नसतात. घाटात दुचाकी घसरली किंवा धरणात कुणी बुडालं की धावावं लागतं ते त्याच डॉक्टरला, त्याच १०८ च्या गाडीला आणि त्याच पोलीस ठाण्याला. एप्रिल २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यात एकेका दिवशी दहा हजारांहून जास्त नवे रुग्ण सापडत होते आणि ऑक्सिजनच्या खाटेसाठी नातेवाईक वणवण फिरत होते. त्या आठवड्यांत घाटातला साधा अपघातही फक्त त्या कुटुंबाचा राहत नव्हता. मार्च-एप्रिल २०२० मध्ये राज्यातल्या कितीतरी गावांनी वेशीवर लाकडं टाकून रस्ते अडवले. त्यात भीती होती, थोडी अरेरावीही होती. पण आपल्या दवाखान्याची कुवत गावाला शहरापेक्षा बरी ठाऊक होती.

‘नियम फक्त तुमच्या-आमच्यासाठी’ हा आक्षेप मात्र गैरसमज म्हणून झटकता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी ऐन कडक असताना उद्योगपती वाधवान बंधू, कुटुंबीय आणि नोकरचाकर मिळून २३ जण खाजगी गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचले, तेही गृह खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रावर. पुढे त्यांच्यावर सरकारी आदेश मोडल्याबद्दल कलम १८८ खाली गुन्हा नोंदला गेला. त्यांच्याही गाड्या स्वतःच्याच होत्या. असं एक पत्र लोकांचा जेवढा विश्वास मोडतं, तेवढा शंभर नाकाबंद्यांनीही परत येत नाही. तरी त्यावरून नियमच निरर्थक ठरवणं म्हणजे सिग्नल तोडणारी एक गाडी सुटली म्हणून दिवाच काढून टाकण्यासारखं.

सगळ्यांत वजनदार आक्षेप पोटाचा. गडावर दही, भजी, पिठलं-भाकरी विकणाऱ्या घेरा सिंहगड गावातल्या बायकांचं वर्षाचं गणित रविवारावर चालतं. गड बंद म्हणजे चूल बंद. एप्रिल २०२१ मध्ये राज्यानं फेरीवाल्यांना दीड हजार रुपये जाहीर केले ते नोंदणीकृतांना; ज्यांची नोंद नाही त्यांच्या हाती काही पडलं नाही. सरसकट बंदीची किंमत शहरानं नव्हे, घाटाच्या वरच्या टोकानं मोजली. शिवाय डबा घेऊन येणारा आणि काहीच न विकत घेणारा ‘सुरक्षित’ पर्यटक या बायकांच्या उपयोगाचा नाही, हेही कुणी बोलत नव्हतं. जून २०२१ मध्ये तेव्हाचे पालकमंत्री अजित पवार यांनी, शनिवार-रविवारी बाहेर फिरायला जाणाऱ्यांना परतल्यावर पंधरा दिवस विलगीकरणात ठेवण्याचा विचार करावा लागेल, असा इशारा दिला. त्यात गर्दीबद्दलचा संताप होता, उपाय नव्हता. एवढी माणसं शोधून पंधरा दिवस ठेवणार कुठे?

उपाय त्याच रस्त्यावर उभा होता. गोळेवाडीच्या नाक्यावर वर जाणाऱ्या गाड्यांकडून वाहनागणिक पैसे घेतले जातात, म्हणजे गाड्या मोजायची व्यवस्था आधीपासून आहे. मोजकी वाहनं, ठरलेल्या वेळा, जीपला बंदी, टपऱ्यांची छपरं चारी बाजूंनी उघडी: एवढं केलं असतं तर पहिल्या लाटेनंतरच्या महिन्यांत गड संख्येच्या मर्यादेत चालवता आला असता. दुसऱ्या लाटेच्या शिखरावर मात्र तेही बंद ठेवणंच योग्य होतं, कारण तेव्हा प्रश्न हवेचा नव्हता, खाटांचा होता. मे २०२२ मध्ये, साथ ओसरल्यावर, याच घाटात खाजगी गाड्या थांबवून पीएमपी या शहर बससेवेच्या ई-बस सुरू झाल्या. कारण विषाणू नव्हता, कोंडी होती. आणि उपाय निवडला तो बंद बसचा, जो वर्षभरापूर्वी धोकादायक ठरला असता. काही दिवसांतच ती सेवा गुंडाळली गेली आणि खाजगी गाड्या पुन्हा थेट वाहनतळापर्यंत जाऊ लागल्या.