बीज तयार होण्याची गोळी

घरात पाळणा हलला नाही की सुनेने दवाखान्याची पायरी चढायची, ही आपल्याकडची जुनी रीत. सोलापूरही तिला अपवाद नाही. पुष्कळदा हाती पडते ती पाच दिवसांच्या गोळ्यांची चिठ्ठी. ‘बीज तयार होण्याची गोळी’ हे तिचे घरगुती नाव. पण गोळी बीज तयार करत नाही. स्त्रीच्या बीजांडकोशात बीजे जन्मापासूनच असतात. गोळीचे काम त्यांतील एखादे पक्व होऊन बाहेर पडावे, एवढेच.

दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक रक्तात सोडते. त्यामुळे बीजांडकोशातील काही पुटके वाढू लागतात व बहुधा एकच पूर्णत्वास जाते. वाढणारे पुटक इस्ट्रोजेन स्रवते. मेंदूतील हायपोथॅलॅमस त्याची पातळी सतत जोखत असतो. ती वाढली की एफएसएचचा पुरवठा आवरता घेतला जातो. ‘पीसीओएस’ या विकारात पुटके अर्धवट वाढून थांबतात, बीज सुटत नाही आणि पाळी दोन-दोन महिने लांबते.

क्लोमिफीन हे औषध मेंदूला चक्क चकवते. इस्ट्रोजेनच्या जागा ते स्वतः अडवून बसते. मेंदूला वाटते, इस्ट्रोजेन कमी पडले. मग एफएसएच वाढते आणि थबकलेले पुटक पुन्हा वाढीला लागते. अमेरिकेत १९६७ साली त्याला मान्यता मिळाली. लेट्रोझोल हे मूळचे स्तनाच्या कर्करोगावरील औषध. ते चकवत नाही, इस्ट्रोजेनची निर्मितीच काही दिवस खरोखर घटवते. परिणाम तोच. दोन्ही गोळ्या साधारणपणे पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान सुरू करून पाच दिवस घेतात. शेवटच्या गोळीनंतर पाच ते दहा दिवसांत बहुधा बीज सुटते.

लेट्रोझोलची आपल्या देशातील कहाणी वळणावळणाची आहे. बाळात जन्मजात दोष येतील या शंकेने केंद्र सरकारने २०११ साली वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. पुढील मोठ्या अभ्यासांत ती भीती खरी ठरली नाही. २०१४ साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के. २०१७ साली आपल्याकडील बंदी उठली. आज पीसीओएसमध्ये पहिली पसंती लेट्रोझोललाच दिली जाते. तरीही आकडे नीट पाहावेत : औषध सरस ठरले तेथेही बहुसंख्य स्त्रियांची ओटी रिकामीच राहिली.

कारण बीज सुटणे ही अनेक अटींपैकी एक अट. गर्भनलिका बंद असतील किंवा पतीच्या शुक्राणूंत दोष असेल, तर गोळ्या व्यर्थ जातात. वंध्यत्वाच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाचा वाटा असतो. वीर्यतपासणी स्वस्त, वेदनारहित. तरीही ती सर्वांत शेवटी होते. हा वैद्यकशास्त्राचा नव्हे, पुरुषी अहंकाराचा दोष आहे.

शहराच्या पूर्व भागातील विडी कामगार स्त्रीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. पुटकाची वाढ पाहण्यासाठी सोनोग्राफीच्या दोन-तीन खेपा म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. अशा वेळी जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या पुन्हा आणण्याचा मोह होणारच. पण क्लोमिफीनने जुळी राहण्याचे प्रमाण सात-आठ टक्के असते, बीजांडकोशात गाठी होऊ शकतात. दृष्टी अंधुक झाल्यास गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठावे. आधीच गर्भ राहिलेला नाही, याचीही दर वेळी खात्री हवी. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, स्त्रीरोग विभाग आहे, सल्ल्यासाठी तेथे जाता येते.

वजन जास्त असल्यास ते पाच-दहा टक्के घटवल्यानेही काही जणींची पाळी सुधारते. क्लोमिफीन सहसा सहा पाळ्यांपलीकडे लांबवत नाहीत. तोवर दिवस न राहिल्यास पुढील उपचारांचा विचार होतो. पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीने तर सहा महिन्यांच्या प्रयत्नांनंतरच तपासणीला जावे, आणि पतीला बरोबर न्यावे.