सुतारकाम, बाभूळ आणि मोबाइलचा कॅमेरा

मंडळी, आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस सुतारकामावर काय बोलणार? पण निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंधा, पटाशी अन् करवत घेऊन आम्ही बसतो. जे जमतं, जे फसतं, ते मोबाइलवर घेऊन चार लोकांना पाठवतो. तेवढ्या अधिकारावर बोलू.

प्रश्न असा आहे की हाताला जे येतं ते दुसऱ्याला द्यायचं कसं? गिल्बर्ट राइल यांनी १९४९ सालच्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती करता येणं यांत फरक केला. मायकल पोलान्यी पुढे म्हणाले की आपल्याला जेवढं कळतं तेवढं सगळं सांगता येत नाही. हे दोघं परभणीत आले असते तर आम्ही त्यांना तिफण दाखवली असती. चाड्यात टाकलेलं बी नळ्यांतून फणामागे पडतं. फणाचा कल जरा चुकला की बी उथळ पडतं, नाहीतर फार खोल जातं. हा कल किती ठेवायचा? सुतार डोळा बारीक करून बघतो अन् वाकस चालवतो. बस.

हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त बलुत्याची ती व्यवस्था वाचायला मिळते. पण त्या वाटेला जातीचं कुंपण होतं. आमच्यासारख्याला कुणी वाकस हातात दिला नसता. आता ट्रॅक्टर आला, पेरणीयंत्र लोखंडाचं झालं, सुताराचा मुलगा पुण्याला गेला. कुंपणाच्या आतली वाटही मोडली.

मग साधे, घरगुती व्हिडिओ कामाला येतात. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे छोटे छोटे व्हिडिओ केले, मराठीतही केले. झगमगाट नाही, हात दिसतात, वस्तू दिसते. कॅनडातले मथियास वांडेल हे पूर्वीचे इंजिनिअर. ते लाकडाचे सांधे मुद्दाम मोडेपर्यंत ताणून दाखवतात. सांधा कुठून फाटला हे बघितल्यावर जे कळतं, ते गुळगुळीत टेबल बघून कळत नाही.

आमचंच बघा ना. परदेशी व्हिडिओ बघून श्रावणात बाभळीचं स्टूल केलं. कुसू भोकात असा घट्ट बसला की आम्हीच स्वतःवर खूश. वैशाखात पाहुणे बसले आणि स्टूल डुलायला लागलं! शेजारच्या गल्लीतले सुतारमामा आले, एक पाय हलवून म्हणाले, "सर, ओलं लाकूड वापरलं की तुम्ही. बाभूळ आधी पाण्यात मुरवायची, मग सावलीत वाळवायची." ओल गेली, कुसू आकसला, सांधा सैल झाला. थंड मुलखातला माणूस आपल्याला ओक दाखवील, अक्रोड दाखवील. बाभळीचा पीळ आणि परभणीचा मे महिना त्याच्या शेडमध्ये कुठून येणार? ते इथल्याच कुणीतरी दाखवायला हवं.

म्हणून व्हिडिओ करणाऱ्यांना आमची विनंती आहे: चूक कापू नका. पटाशी रेषेबाहेर गेली तर ती जाऊ द्या, आणि मग पाचर कशी ठोकली तेही दाखवा. कॅमेरा तोंडाकडे नको, हाताकडे लावा. मागे गाणं तर मुळीच नको. रंधा नीट चालतोय की अडतोय हे आवाजावरूनच कळतं.

आता एक अडचण उरते. मामांना आम्ही म्हटलं, तिफणीचा फण करून दाखवा, आम्ही चित्रण करतो. ते म्हणाले, "सगळ्यायला दाखवलं तर मला कोण बोलवंल?" आम्ही इतकी वर्षं ज्ञान वाटण्याच्या गोष्टी केल्या, त्या पगार चालू असताना केल्या. त्यांचा प्रश्न रास्त आहे. शेवटी ठरलं ते असं: दिवसाची पूर्ण मजुरी आधी द्यायची, आणि कोणता भाग लोकांना दाखवायचा ते त्यांनी सांगायचं. पहिल्या दिवशी त्यांनी वाकसाला धार लावली, तेवढीच दाखवू दिली. फणाचं अजून ठरायचंय.